कॅसेटी उरल्या, वही गेली

चिपळुणात घरगुती व्हिडिओ गेम आला तो मुंबईहून नव्हे, आखातातून. निदान आमच्या दुकानाच्या टेबलावर तरी तो तिकडूनच आला. मिरजोळी, काळुस्ते, गोवळकोट इथली कितीतरी घरं ऐंशीच्या दशकात कुवेत, बहारीन, दुबईच्या कमाईवर उभी राहिली. सुट्टीवर आलेला माणूस टू-इन-वन, व्हीसीआर, घड्याळं आणायचा आणि त्याच बॅगेत पोरांसाठी एखादा टीव्ही गेम. घरी लावला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. यातल्या काही यंत्रांचं चित्र यूएचएफवर यायचं आणि इथल्या जुन्या टीव्हींना व्हीएचएफपलीकडे काही पकडता येत नसे. मग ते यंत्र बाजारपेठेत आमच्याकडे. अण्णा, म्हणजे माझे वडील, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. मी त्यांच्या हाताखाली शिकत होतो. मॉड्युलेटर बदलून दिला की मुंग्या जायच्या, चित्र उमटायचं, आणि दुकानाच्या पायरीवर गर्दी व्हायची.

माझ्या संग्रहाची सुरुवात तिथून झाली. दुरुस्त होऊन परत न नेलेली यंत्रं, कोणी 'ठेव तुझ्याकडेच' म्हणून दिलेली यंत्रं. लाकडी पट्टीचा अटारी २६००, ज्याचं मूळ मॉडेल १९७७ चं. आणि सगळ्यांत मोलाचा एक सख्र. ते नाव इथे फार कोणी ऐकलेलं नसेल. एमएसएक्स नावाच्या जपानी घरगुती संगणकाला अरबी अक्षरं बसवून कुवेतच्या अल-आलमिया कंपनीने तो सख्र नावाने विकला. कळांवर इंग्रजी आणि अरबी शेजारी शेजारी, वर कॅसेट घालायची खाच, आणि कोनामीचे गेम त्यावर झकास चालायचे. काळुस्त्याचे एक चाचा तो सुट्टीत घेऊन आले होते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि त्यांचं तिथलं बिऱ्हाड जसंच्या तसं मागे राहिलं. हातात काही न घेता माणसं परत आली. पुढे कधीतरी चाचा तो सख्र दुकानात घेऊन आले आणि म्हणाले, "कुवेतच्या घरातलं एवढंच उरलंय रे. पोरं मोठी झाली, तू सांभाळ." मी त्यांचं बोलणं एका कागदावर लिहून, त्यावर त्यांची सही घेऊन, तो कागद खोक्यात ठेवला होता.

धंदा मात्र उभा राहिला तो वेगळ्याच यंत्रावर. जुलै १९८३ मध्ये निन्टेंडोने जपानात फॅमिली कॉम्प्युटर काढला. काही वर्षांत तैवानच्या कारखान्यांनी त्याच्या नकला काढायला सुरुवात केली आणि नव्वदच्या दशकात त्या सगळ्या आशियाभर, रशियापर्यंत पसरल्या. भारतात निन्टेंडोचं यंत्र सामुराई नावाने मिळत होतं. पण सामान्य माणसाच्या घरात गेली ती नक्कल. लिटल मास्टर, मायक्रो जीनियस, आणि पुढे तर रोज नवं नाव. १९९५ मध्ये शॉ वॉलेसने सेगाची यंत्रं रीतसर भारतात आणली, तीही मोठ्या शहरांतल्या शोरूमपुरतीच राहिली. आमच्या गिऱ्हाईकाला परवडणारं यंत्र लॅमिंग्टन रोडवरच मिळायचं.

कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. त्याआधीची माझी खरेदी म्हणजे एसटीची रातराणी, पहाटे मुंबई, ग्रँट रोडला उतरून दुकानं उघडायची वाट बघणं, आणि रात्री परत. लॅमिंग्टन रोडवरचा व्यापारी कॅसेट हातात देण्याआधी लावून दाखवायचा, कारण बिलावर परत घेण्याची भाषाच नसे. एका कॅसेटवर शेकडो गेम लिहिलेले असत आणि आत मोजके. मारिओ पहिल्या पातळीपासून, मारिओ तिसऱ्या पातळीपासून, मारिओचा शर्ट निळा, असे एकाच गेमचे दहा गेम. पोरांना हे ठाऊक असायचं आणि त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. कॉन्ट्रा, सर्कस, डक हंट असले की कॅसेट चांगली.

दुरुस्तीवाल्याच्या नजरेने ही यंत्रं पाहण्यासारखी होती. मूळ जपानी यंत्रात वेगवेगळ्या चिप असत. नकलांमध्ये पुढेपुढे सगळं एकाच चिपमध्ये आलं आणि त्या चिपवर काळ्या राळेचा एक गोळा ओतलेला. तो गेला की यंत्र गेलं. बाकी सगळं दुरुस्त व्हायचं. कोकणात संध्याकाळी व्होल्टेज पडायचं, रात्री चढायचं. अडॅप्टर तापून जळायचे, आतला ७८०५ रेग्युलेटर उडायचा. तो मी बदलायचो आणि मागे ॲल्युमिनियमची जाडसर पट्टी स्क्रूने आवळायचो. जॉयस्टिकची बटणं दाबून दाबून आतला कार्बन झिजला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी कापून रबराला चिकटवायची. सहा महिने निभावून जायचं. कॅसेटचे साठ पाय खोडरबराने घासायचे. पोरं मात्र फुंकर मारायची, आणि आपल्याकडच्या दमट हवेत त्या फुंकरीने तांबं आणखीच काळवंडायचं. गिऱ्हाईकाला हे सांगून काही उपयोग नव्हता. फुंकर मारल्यावर गेम सुरू व्हायचा, कारण कॅसेट काढून पुन्हा बसवली जायची.

विकत घेणारे थोडे, भाड्याने नेणारे फार. मे महिना आणि गणपती हे आमचे दोन हंगाम. चाकरमानी मुंबईहून यायचे, त्यांच्या पोरांना गावी करमत नसे, आणि मग काका-मामा दुकानात: "ओ, तो गेम द्या बघू आठवडाभर." यंत्र, दोन जॉयस्टिक, अडॅप्टर, टीव्हीला लावायची डबी आणि दोन कॅसेटी असा संच. अनामत घ्यायची, वहीत लिहायचं. एसटी स्टँडच्या बाजूला पार्लर होतं, सुताराकडून बनवून घेतलेल्या पेट्यांचं. कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' तिथे असायचा आणि त्याला सगळे 'मुस्तफा' म्हणायचे. पण पार्लरमध्ये मुली जात नसत. मुलींच्या हातात जॉयस्टिक आली ती भाड्याच्या संचामुळे, घरच्या माजघरात. हे मी अंदाजाने सांगत नाही. माझ्या वहीत ते होतं.

त्या वहीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हा लेख तिच्यासाठीच आहे. लांबट, लाल पाठीची, किराणा दुकानात उधारीला वापरतात तशी. रकाने असे: तारीख, नाव, वाडी, संच नंबर, कॅसेट नंबर, अनामत, परत. त्यानंतरच्या शेवटच्या रकान्याला मी 'शेरा' म्हणायचो. त्यात 'धाकटीने लिहून घेतलं, सर्कस हवी', 'आजीने परत आणला, पोरं अभ्यास करत नाहीत', 'बारशाला नेला', 'खाडीपलीकडे, वीज नाही, तरी नेला, मामाकडे लावणार' असं सुचेल ते. कोणत्या वाडीत टीव्ही कधी आला, कोणत्या घरी वीज आली, कोणत्या वर्षी मागणी घटली, सगळं त्यात होतं. अशा सात-आठ वह्या जमल्या. दोन हजार सालानंतर संगणक आला, सायबर कॅफे आले, पुढे मोबाइल, आणि भाड्याचा धंदा बसला. मी यंत्रं विकली नाहीत. नंबर घालून, वह्यांसकट, दुकानाच्या माळ्यावर लावली. २००५ च्या जुलैत पाणी जिथवर चढलं होतं त्याची रेघ भिंतीवर होती. माळा तिच्या बराच वर होता.

२२ जुलै २०२१. आदल्या रात्रीपासून पाऊस असा की पत्र्याखाली बोललेलं ऐकू येईना. वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्हीकडून शहरात शिरल्या. चिपळूणचा पूर बाहेरच्यांना नुसता पावसाचा वाटतो. वर कोळकेवाडीचं धरण आहे, कोयनेचं वीज करून झालेलं पाणी सह्याद्री उतरून वाशिष्ठीलाच मिळतं, आणि खाली दाभोळच्या खाडीची भरती त्याच पाण्याला अडवून धरते. बाजारपेठ या दोहोंच्या मधे. आम्ही वरच्या मजल्यावर होतो. पाण्याने २००५ ची रेघ ओलांडली, मग शटरची वरची कड, मग माळा. आमचा जीव वाचला. त्या पुरात ज्यांची माणसं गेली त्यांच्यापुढे माझं नुकसान काहीच नाही, आणि हे मला लिहिण्याआधीही माहीत होतं.

पाणी ओसरल्यावर आत जे होतं त्याला पाणी म्हणता येत नव्हतं. गुडघाभर चिखल, त्यात डिझेलचा वास. माळ्याची एक बाजू कोसळली होती. बाजारपेठेत प्रत्येक दुकानासमोर ढीग: कापड, धान्य, औषधं, वह्या-पुस्तकं. १८६४ पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं २००५ नंतर दुसऱ्यांदा भिजली. डंपर येत होते, ढीग उचलून नेत होते. त्या घाईत काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे उभ्याउभ्या ठरवावं लागत होतं.

यंत्रांचं काय झालं ते एक मेकॅनिक म्हणून सांगतो. प्लास्टिकला पुराचं भय नाही. वरची कवचं धुतल्यावर नव्यासारखी झाली. पुठ्ठ्याची खोकी लगदा झाली. आतले लोखंडी पत्रे दोन दिवसांत गंजले. अडॅप्टरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये चिखल शिरला तो निघालाच नाही. जुने टीव्ही गेले आणि त्यांच्याबरोबर डक हंटची बंदूकही निरुपयोगी झाली, कारण ती पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरच नेम धरते, आताच्या सपाट टीव्हीवर नाही. ज्या कॅसेटींमध्ये खेळ साठवायला नाण्याएवढी बॅटरी असते त्यांचं सर्वांत वाईट: पाण्यात असतानाही बॅटरी चालूच होती, आणि तिने पट्टीवरचं तांबं खाऊन हिरवा भुगा केला. उलट राळेच्या काळ्या गोळ्याखालची चिप पुराने अजिबात भिजली नव्हती. ज्या गोळ्याला मी आयुष्यभर शिव्या दिल्या, त्यानेच वाचवलं. कॅसेटी आधी विहिरीच्या पाण्याने, मग डिस्टिल्ड वॉटरने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतल्या, मऊ ब्रशने, आणि सावलीत वाळवल्या. निम्म्याहून अधिक चालू झाल्या. चाचांचा सख्र नाही. त्याच्या पट्टीचे थर आतून सुटले होते, आणि सहीचा कागद कुठे गेला ते कळलंच नाही.

पण चालू झालेल्या त्या कॅसेटींवर लेबल नव्हतं. नंबर नव्हता. कोणती कुठून आणली, कोणत्या वाडीत फिरली, कोणाच्या घरी फुटली आणि मी जोडली, काही नाही. वह्यांची पानं एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या. भिजलेला कागद लगेच गोठवावा म्हणजे बुरशी थांबते आणि पुढे सावकाश वाळवता येतो, हे मला ठाऊक होतं. पण शहरात वीजच नव्हती, फ्रीज चिखलात आडवे पडले होते. शाईपेनने आणि स्केचपेनने लिहिलेलं सगळं वाहून गेलं. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती टिकली. म्हणून एका वहीच्या मधल्या काही पानांवर नावं पुसट, पण 'शेरा' वाचता येतो. तेवढंच हाती लागलं.

लोक म्हणतात, गेम काय, इंटरनेटवर सगळे मिळतात. कॉन्ट्रा मिळतो, खरं आहे. अटारीने १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराडेपोत पुरलेल्या कॅसेटी २०१४ मध्ये उकरल्या, तेव्हा कोरड्या वाळवंटामुळे खोक्यांवरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती. अमेरिकेत अशा गोष्टींची नोंद ठेवणाऱ्या संस्था आहेत. त्यातल्याच व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिलं की २०१० पूर्वी तिकडे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. तिकडे निदान कंपनी आहे, बिलं आहेत, जाहिराती आहेत. आमचा सगळा व्यवहार नकलेचा. ज्या कारखान्याने यंत्र बनवलं त्याने स्वतःचं नाव कधी खरं लिहिलं नाही, व्यापाऱ्याने पक्की पावती दिली नाही. भारतातल्या एका पिढीने काय खेळलं, कोणाच्या घरी, किती पैशांत, याचा पुरावा कुठल्याही कंपनीच्या कपाटात सापडणार नाही. तो माझ्यासारख्या दुकानदारांच्या वह्यांत होता, आणि खोक्यांवरच्या पेनाच्या अक्षरांत. माझ्या मते यंत्रापेक्षा ती अक्षरं मोलाची आहेत.

म्हणून माझं सांगणं एवढंच. तुमच्या माळ्यावर, कपाटावर, गावच्या घरी असा जुना गेम असेल तर तो चालतो का हे नंतर बघा. आधी त्याचे फोटो काढा: यंत्राची पाठ, खोकं, कॅसेटचं लेबल, बिल असेल तर बिल. कोणी आणला, कुठून, किती रुपयांना, कोण खेळायचं, हे घरच्या मोठ्यांना विचारून बॉलपेनने लिहा. तुम्ही कधी गेम भाड्याने दिले असतील, पार्लर चालवलं असेल, तर तुमच्या वह्या रद्दीत घालू नका. आणि नदीकाठी राहत असाल तर त्या फोटोंची एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे या पावसाळ्याआधी पाठवून ठेवा.