धातुशोधक यंत्र आणि मातीचा हट्ट

सहलीला समुद्रावर गेले की कुणाची अंगठी, कुणाच्या गळ्यातली साखळी वाळूत जाते आणि "मेटल डिटेक्टर आणला तर सापडेल का?" असा प्रश्न निघतो. प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर यंत्रापेक्षा जमिनीवर जास्त अवलंबून आहे. धातू ओळखायला हे यंत्र फार लवकर शिकले. पायाखालची जमीन ओळखायला मात्र त्याला जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्या शंभर वर्षांची ही हकीकत.

आधी तत्त्व थोडक्यात. यंत्राच्या कॉइलमधून बदलता विद्युत्प्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह फिरू लागतात. या प्रवाहांचे क्षीण क्षेत्र कॉइलपर्यंत परत येते आणि कानातला आवाज बदलतो. एवढेच असते तर प्रश्न मिटला असता. पण मातीही गप्प बसत नाही.

याची पहिली प्रचीती आली ती माती नसताना! जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. शरीरातली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपले उपकरण घेऊन गेले. इतरत्र ते चांगले चालले होते. रुग्णाजवळ मात्र ते भलतेच आवाज देऊ लागले, कारण गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय मुख्य डॉक्टरांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली आणि गोळी होती डावीकडे. १९ सप्टेंबरला गारफील्ड वारले. यंत्र धातू ऐकत होते, पण हवा तो धातू आणि आजूबाजूचा गोंगाट वेगळा कसा करायचा हे कोणालाच ठाऊक नव्हते.

पुढे गेरहार्ड फिशर या जर्मनीहून अमेरिकेत गेलेल्या अभियंत्याने १९३७ साली हातात धरून चालवायच्या यंत्राचे पेटंट मिळवले. पण या यंत्राला खरी निकड आली ती युद्धात, सुरुंगांमुळे. इथे आपल्या पुण्याजवळच्या खडकीची आठवण काढलीच पाहिजे. खडकीच्या बाँबे सॅपर्सचे, म्हणजे सफरमैना पलटणीचे, सेकंड लेफ्टनंट प्रेमींद्रसिंग भगत यांनी फेब्रुवारी १९४१ च्या सुरुवातीला सुदान-इथिओपिया सीमेवर, मेतेम्मा पडल्यानंतरच्या पाठलागात, चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरचे १५ सुरुंगक्षेत्र मोकळे केले. त्यांची गाडी स्फोटात उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी ते थांबले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. इलेक्ट्रॉनिक यंत्र रणांगणात रुळण्याआधीची ही गोष्ट आहे.

त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये आश्रयाला आलेले पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की सुरुंगशोधक तयार करण्याच्या कामाला लागले. त्यांनी त्याचे पेटंट न घेता ते ब्रिटिश सैन्याला देऊन टाकले. ऑक्टोबर १९४२ मध्ये अल् अलामेनच्या लढाईत अशी सुमारे ५०० यंत्रे वापरली गेली आणि सुरुंग काढण्याचा वेग तासाला १०० वरून २०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे दुप्पट झाला. यात जमिनीचाही वाटा होता. इजिप्तची ती कोरडी, चुनखडीची वाळू यंत्राच्या दृष्टीने अगदी शांत माती. आपल्या कतारचे माळरानही याच जातीचे: चुनखडक आणि कोरडी वाळू.

आता रसायनशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने थोडे मातीविषयी. माती यंत्राला दोन प्रकारे फसवते. पहिला प्रकार लोखंडाचा. आपल्या दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकात मॅग्नेटाइट असते. कोकणातल्या जांभ्यात लोहाची ऑक्साइडे ठासून भरलेली असतात आणि त्यात मॅगहेमाइट हे चुंबकीय ऑक्साइडही असू शकते. सेंद्रिय द्रव्य असलेली माती तापली की मॅगहेमाइट वाढते. म्हणून जुन्या चुलीची किंवा वीटभट्टीची जागाही यंत्राला जाणवते. यातले अतिसूक्ष्म कण तर क्षेत्र बंद केल्यावरही क्षणभर चुंबकत्व धरून ठेवतात आणि यंत्राला ते धातूसारखे वाटतात.

दुसरा प्रकार मिठाचा. खारे पाणी विजेचे वाहक आहे, त्यामुळे ओल्या वाळूत धातू नसतानाही प्रवाह फिरतात. सर्वसाधारण समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. कतारभोवतीच्या आखातात ते ४० च्या वर जातात आणि सलवाच्या आखातात ५५ च्याही पुढे. दुखान आणि उम्म सईदजवळच्या सबखा म्हणजे तर नैसर्गिक मिठागरेच. माळावर शांत असलेले यंत्र तिथे ओरडू लागते.

यावरचा उपाय, म्हणजे ग्राउंड बॅलन्स, १९७० च्या दशकात सर्वसामान्यांच्या यंत्रांत आला. परतलेला संकेत पाठवलेल्या संकेताच्या किती मागे पडतो ते मोजायचे. लोहयुक्त माती, मीठ आणि धातू यांचे मागे पडणे वेगवेगळे असते. कृती सोपी आहे. धातू नसलेली जागा निवडावी, कॉइल गुडघ्याच्या उंचीवरून जमिनीलगत आणावी आणि पुन्हा वर न्यावी. खाली आणताना आवाज बदलला तर बटण थोडे फिरवावे आणि खालीवर करताना आवाज सारखा राहीपर्यंत हे करत राहावे. कोरड्या वाळूतून ओल्या वाळूत पाऊल टाकले की सर्व पुन्हा पहिल्यापासून. ओल्या वाळूत संवेदनशीलता कमी ठेवावी आणि कॉइल एकाच उंचीवर फिरवावी.

मात्र एकाच फ्रिक्वेन्सीचे यंत्र एका वेळी एकाच प्रकारच्या मातीला गप्प करू शकते. इथला किनारा पांढरा आणि खारा, म्हणून मिठापुरती जुळवणी केली की बरेचसे भागते. रत्नागिरीच्या काही किनाऱ्यांवर इल्मेनाइट-मॅग्नेटाइटची काळी वाळू आहे, वर समुद्राचे मीठ. तिथे दोन्ही शत्रू एकदम! त्यासाठी एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी यंत्रे लागतात. ती १९९० च्या दशकात प्रचारात आली.

पण या सोयीला किंमत आहे, आणि या इतिहासातून घेण्यासारखा धडा मला हाच वाटतो. जमिनीचा आवाज बंद करताना धातूचा थोडा आवाजही बंद होतो. मिठाचा संकेत आणि बारीक सोन्याचा संकेत शेजारी शेजारी असतात. सोन्याच्या नाजूक साखळीत तर प्रत्येक कडीचा प्रवाह वेगळा आणि दुबळा. म्हणून मीठ गाळले की जाड अंगठी सापडते, पण साखळी निसटते.

साखळी गेली तर पैसे गेले. सुरुंगांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. प्लास्टिकच्या काही सुरुंगांत जेमतेम ग्रॅमभर धातू असतो. कंबोडिया, अंगोला, मोझांबिक इथे युद्धानंतर सुरुंग काढणाऱ्यांना जांभ्यासारख्याच लाल मातीशी गाठ पडली. संवेदनशीलता वाढवली तर पावलोपावली खोटा इशारा, आणि प्रत्येक इशाऱ्याला गुडघे टेकून हाताने माती उकरणे आलेच. कमी केली तर सुरुंग राहून जाण्याची भीती. म्हणून सुरुंग काढण्याच्या कामात यंत्राइतकीच त्या जागच्या मातीचीही आधी परीक्षा घेतली जाते. वाळवंटात उत्तम ठरलेले यंत्र लाल मातीत उत्तम ठरेलच असे नाही.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. सापडलेली प्रत्येक वस्तू आपली होत नाही. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा आहे आणि कतारमध्ये पुरावस्तूंसाठी १९८० चा कायदा. तेव्हा यंत्र मागवण्याआधी आणि किनाऱ्यावर नेण्याआधी परवानगीची चौकशी जरूर करावी, आणि जुन्या वस्त्यांच्या जागी तर ते मुळीच बाहेर काढू नये. आणि पाण्यात उतरण्यापूर्वी नाजूक साखळी काढून घरच्या डब्यात ठेवावी, हे सांगायला यंत्राची गरज नाही!