पित्ताच्या दारातून आलेला विषाणू

आपण 'पित्त झालंय' म्हणतो ते बहुधा पोटातलं आम्ल असतं. खरं पित्त यकृतात तयार होतं. त्यातली पित्ताम्लं आतड्यात चरबी पचवायला मदत करतात आणि बहुतांश रक्तावाटे यकृतात परततात. पण पेशीत शिरतात कशी? झुरिकच्या हागेनबुख, मायर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये उंदराच्या यकृतातलं त्याचं जनुक शोधलं. परीक्षा कुठे घेतली, तर बेडकाच्या अंडपेशीत! १९९४ मध्ये माणसातलं सापडलं. हे प्रथिन म्हणजे एनटीसीपी; दोन सोडियम आयन आत येताना एका पित्ताम्लाला सोबत ओढतात.

तिकडे हेपटायटिस बीवाले वेगळ्याच अडचणीत. विषाणू १९६० च्या दशकापासून माहीत, पण तो यकृतात कुठून शिरतो हे कळेना. प्रयोगशाळेत वाढवलेल्या नेहमीच्या यकृतपेशींना तो लागतच नसे. २०१२ मध्ये बीजिंगच्या ली वेनहुई यांच्या गटाने तुपाया या छोट्या प्राण्याच्या यकृतपेशी घेतल्या, विषाणूच्या आवरणाचा तुकडा गळासारखा टाकला. गळाला काय लागलं? एनटीसीपी! प्रयोगशाळेतल्या पेशींत तेच जवळजवळ नव्हतं. जनुक घातल्यावर लागण होऊ लागली. म्हणजे दार एकवीस वर्षं माहीत होतं, फक्त दुसऱ्या विषयाच्या लोकांना.

रचना दिसायला २०२२ उजाडलं: पेशीपटलातून आरपार गेलेली नऊ सर्पिलं. पण औषध त्याआधीच आलं होतं. बीचंच आवरण पांघरणाऱ्या हेपटायटिस डीवर युरोपने २०२० मध्ये बुलेव्हिर्टाइडला सशर्त मान्यता दिली. ते याच दारात अडून बसतं. मग पित्ताम्लांचीही वाट अडते, आणि रुग्णांच्या रक्तात ती वाढलेली दिसतात.