झोजीलाच्या विजयामागील हात

१ नोव्हेंबर १९४८ रोजी झोजीला खिंडीत भारतीय रणगाडे शिरले. सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीवर रणगाडा येईल, ही शत्रूला कल्पनाच नव्हती. त्याच महिन्यात द्रास व कारगिल पुन्हा हाती आले. जनरल थिमय्यांचे धाडस, सातव्या कॅव्हलरीचा पराक्रम आणि बालतालहून वर वाट काढणारे मद्रास सॅपर्स यांचा गौरव इतिहासाने केला, तो यथार्थच आहे. परंतु ते रणगाडे तेथवर चालते कोणी ठेवले, हे आपण क्वचितच विचारतो.

जम्मूकडून श्रीनगरला येताना वाटेवरील पूल कच्चे होते आणि गुप्तताही राखावयाची होती. म्हणून स्टुअर्ट रणगाड्यांचे बुरूज उतरविले गेले व पुढे पुन्हा चढविले गेले. सांगावयास हे एक वाक्य पुरते. करणाऱ्याच्या देहाला मात्र ते पुरून उरते. बुरूज साखळीला टांगलेला असतो आणि तो जागी बसविणाऱ्याची बोटे कडेशी असतात. साखळी इंचभर घसरली की बोटे चेचली जातात. पट्ट्याची खीळ घणाने ठोकताना पोलादाची कपची डोळ्याकडे उडते. जॅकला लाकडी ठोकळ्यांचा आधार न देता जो गाडीखाली शिरतो, तो जिवाशीच खेळतो.

त्यात हिमालयाची थंडी! गोठलेल्या पोलादाला उघडी कातडी चिकटते. हातमोजा घालावा, तर बारीक नट बोटांना लागत नाही. हातावर सांडलेले पेट्रोल उडून जाताना अंगची ऊब घेऊन जाते. उबेसाठी बंद छपरात इंजिन चालू ठेवावे, तर त्याचा विषारी धूर न कळत प्राण घेतो. आणि तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. चार पावले ओझे उचलले की छाती भरून येते.

हे काम केवळ दंडाच्या जोराचे नव्हे. थकलेल्या, घाईतल्या क्षणीही ठोकळा लावल्याशिवाय गाडीखाली न जाण्याची शिस्त हेच त्याचे खरे शौर्य होय. १९४३ साली आपल्या सैन्यात ई. एम. ई. हे यांत्रिक दल उभे राहिले, ते याच कामासाठी.

आपल्या युद्धकथांत गोळी लागलेला तो वीर. कायमची कंबर धरलेला, बोट गमावलेला मेकॅनिक मात्र ‘अपघातात सापडलेला’! पुण्याच्या खडकीतही लष्कराची मोठी कार्यशाळा आहे. तिच्यावरून जाताना एवढे स्मरावे, की विजयाच्या हिशेबात त्या हातांचेही देणे आहे.