बापू छत्रे यांची इसपनीति व कोंकराचा जबाब

बखरी व सनदा जपणारे आम्ही मुलांच्या पुस्तकांची सहसा दखल घेत नाहीं. तें उचित नव्हे. मुंबईच्या हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळीचें काम करणारे सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनीं इ. स. १८२८ मध्यें ‘इसपनीति’ मराठींत आणिली. पेशवाई जाऊन तेव्हां दहा वर्षें झालीं होतीं.

इसप गुलाम होता, असें हेरोडोटस सांगतो. उघड बोलण्याची सोय नसल्यामुळें गुलामांनीं आपलें मन कल्पित गोष्टींत सांगितलें, असें रोमन कवि फीड्रस म्हणतो. इसपाची लांडगा व कोंकरूं यांची गोष्ट पाहावी. पाणी गढूळ केल्याचा आरोप कोंकरूं प्रवाहाच्या दिशेवरून खोडतें. मागें शिवी दिल्याचा आरोप, तेव्हां आपला जन्मच झाला नव्हता, या प्रमाणानें. स्थल व काल हीं आमचींही प्रमाणें होत. तरी लांडगा त्यास खातोच. अन्यायास कारण लागत नाहीं, निमित्त पुरतें, हें मुलांस येथें कळतें. खोट्या आरोपास निर्भयपणें उत्तर द्यावें, हेंही कळतें.

गिरगांव, परळ येथील जुन्या माळ्यांवर अशा प्रती आढळल्यास, फाटक्या म्हणून त्या रद्दींत घालूं नयेत, अशी संग्राहकांस विनंती आहे. समासांतील बालहस्ताक्षर हेंही साधनच होय.