पदसमाप्ती व अनुच्छेद ३११ : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

भारतीय संविधानाचा अनुच्छेद ३११ शासकीय कर्मचाऱ्यास सुनावणीविना बडतर्फ होण्यापासून संरक्षण देतो. परंतु पदच नष्ट झाले तर? रामनाथ पिल्लै विरुद्ध केरळ राज्य (१९७३) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पदसमाप्ती म्हणजे बडतर्फी नव्हे, असा निर्णय दिला. पुढे तामिळनाडू शासनाने १९८० च्या अध्यादेशाने अर्धवेळ ग्रामाधिकाऱ्यांची पदे रद्द केली. (महाराष्ट्रात मुलकी पाटलांचे पद १९६२ च्या कायद्यानेच संपुष्टात आले होते.) के. राजेंद्रन खटल्यात (१९८२) न्यायालयाने तामिळनाडूची कृती वैध ठरविली. मात्र पदसमाप्ती सद्हेतूने व्हावी, ती शिक्षेचा आडमार्ग नसावी, ही मर्यादा कायम राहिली. व्यवहारात ही मर्यादा दुबळीच ठरते. कारण हेतूविषयीची कागदपत्रे शासनदप्तरी असतात आणि दुर्हेतू सिद्ध करण्याचा भार पद गमावलेल्या कर्मचाऱ्यावर पडतो.