इंग्लंडच्या खेड्यातला पब: दारूच्या गुत्त्याचं गावाच्या खानावळीत रूपांतर कसं झालं?

'पब' म्हटलं की पुण्या-मुंबईत डोळ्यांसमोर येतो तो डीजे, अंधार आणि दारावरचा बाउन्सर. पण इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात रविवारी दुपारी पबमध्ये डोकावलं तर वेगळंच चित्र दिसतं. शेकोटीजवळ जेवत बसलेले आजी-आजोबा, बटाटे फस्त करणारी लहान मुलं आणि टेबलाखाली झोपलेलं कुत्रं.

'पब' हे 'पब्लिक हाउस'चं छोटं रूप. म्हणजे सगळ्यांसाठी उघडं असलेलं घर. मग बिअर विकणाऱ्या या घरात चूल इतकी महत्त्वाची कशी झाली?

पाटीवर चित्र कशासाठी?

१३९३ मध्ये राजा दुसरा रिचर्ड याच्या काळात दारू विकणाऱ्यांना दाराबाहेर खूण लावणं बंधनकारक झालं. बहुतेक लोकांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे चित्र हीच ओळख. 'व्हाइट हार्ट' म्हणजे पांढरं हरीण, हे रिचर्डचंच चिन्ह. 'रॉयल ओक' हे नाव १६५१ च्या लढाईत हरल्यावर दुसरा चार्ल्स ज्या ओकच्या झाडात लपला, त्यावरून आलं.

पाटीवर 'फ्री हाउस' लिहिलेलं दिसलं तर फुकट बिअर मिळेल असं समजू नका. हा पब कोणत्याही बिअर कंपनीशी बांधलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बिअरवर भागेनासं का झालं?

याची तीन मोठी कारणं.

पहिलं, गाडी. १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये वाहनचालकांसाठी रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ठरली आणि पोलिसांच्या हातात श्वास तपासणारं यंत्र आलं. शहरात माणूस चालत किंवा बसने घरी जातो. खेड्यात रात्री बस नसते, त्यामुळे गाडी घेऊन आलेला माणूस दुसरा ग्लास मागवताना विचार करू लागला.

दुसरं, मालकी. १९८९ च्या सरकारी आदेशाने २,००० पेक्षा जास्त पब बाळगणाऱ्या बिअर कंपन्यांच्या मक्तेदारीला चाप बसला. पण त्यांनी विकलेले हजारो पब नव्या मालक कंपन्यांनी घेतले. या कंपन्यांचे पब चालवणाऱ्या अनेक भाडेकरूंना बिअर मालकाकडूनच घ्यावी लागते, तीही अनेकदा खुल्या बाजारापेक्षा महाग. मग पैसे उरणार कशात? ताटात.

तिसरं, धूर. १ जुलै २००७ पासून इंग्लंडमधल्या पबमध्ये धूम्रपानबंदी लागू झाली. सिगारेटसोबत बिअर पिणारा नेहमीचा गिऱ्हाईक कमी झाला, पण मुलाबाळांना घेऊन जेवायला बसणं सोपं झालं.

'गॅस्ट्रोपब' म्हणजे काय?

१९९१ मध्ये लंडनच्या क्लार्कनवेल भागात 'द ईगल' हा पब नव्या मालकांनी सुरू केला. पबचा साधेपणा तोच, पण जेवण चांगल्या रेस्टॉरंटच्या तोडीचं. यातून 'गॅस्ट्रोपब' हा शब्द रुजला आणि हे लोण खेड्यांत पोहोचलं. २००१ मध्ये हर्फर्डशरच्या टिटली गावातल्या 'स्टॅग इन'ला मिशेलिन स्टार मिळाला. असा मान मिळवणारा तो पहिला पब. पुढे २०१२ च्या मिशेलिन गाइडमध्ये मार्लो या छोट्या शहरातल्या 'हँड अँड फ्लावर्स'ला दोन स्टार मिळाले.

ताटात काय असतं?

रविवारचं मुख्य जेवण म्हणजे 'संडे रोस्ट': भाजलेलं मांस, बटाटे, भाज्या, ग्रेव्ही आणि बहुतेकदा यॉर्कशर पुडिंग. पुडिंग म्हटलं तरी ते गोड नसतं. दुपारी हलकं खायचं तर 'प्लाउमन्स लंच', म्हणजे ब्रेड, चीज, व्हिनेगरमधला कांदा आणि चटणीसारखं लोणचं. नाव नांगरणाऱ्या शेतकऱ्याचं असलं तरी ते १९५०-६० च्या दशकांत चीज खपवण्यासाठी झालेल्या प्रचारातून लोकप्रिय झालं.

शाकाहारी असाल तर एक प्रश्न जरूर विचारा: बटाटे कशात भाजलेत? रोस्टचे बटाटे आणि यॉर्कशर पुडिंग कधीकधी प्राण्यांच्या चरबीत केलेले असतात.

जाण्याआधी हे लक्षात ठेवा

- अनेक पबमध्ये वेटर टेबलापाशी येत नाही. टेबल क्रमांक बघायचा, काउंटरवर जाऊन ऑर्डर द्यायची आणि बहुतेकदा तिथेच पैसे भरायचे.
- पब उघडा असला तरी स्वयंपाकघर बंद असू शकतं. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळा ठरलेल्या असतात. काही पब सोमवारी बंद असतात.
- रविवारी टेबल आधी राखून ठेवा आणि परतीची बस आहे का, तेही बघा.

पब बंद पडला तर?

ब्रिटनमध्ये २००० साली सुमारे ६० हजार पब होते. आज ही संख्या ४५ हजारांच्या आसपास आहे. शहरात एक बंद झाला तर पुढच्या गल्लीत दुसरा असतो. खेड्यात दुकान आणि पोस्ट आधीच गेलेलं असेल, तर पब ही चार माणसं भेटण्याची शेवटची जागा असू शकते. आपल्याकडच्या पारासारखी.

म्हणूनच २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने इंग्लंडमधल्या गावकऱ्यांना एक हत्यार दिलं. पबची 'समाजासाठी मोलाची मालमत्ता' अशी नोंद करून घेता येते. मग मालकाने तो विकायला काढला की गावाला पैसे जमवायला सहा महिने मिळू शकतात. मात्र गावालाच विकण्याचं बंधन मालकावर नाही.

कायद्याआधीच हे करून दाखवलं कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट या छोट्या गावाने. २००३ मध्ये लोकांनी सहकारी संस्था काढून 'ओल्ड क्राउन' हा गावचा पब विकत घेतला. पण पब विकत घेणं ही सुरुवात असते. तो टिकतो तो गावातली माणसं मंगळवारच्या थंड संध्याकाळीही तिथे जेवायला गेली तरच.