मोंतेर्कीची गर्भवती मारियामाता: एका भिंतीचा इतिहास

इटलीचा इतिहास म्हटलं की आपण रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिसमध्येच रमतो. आज जरा आडवाटेला जाऊ. तोस्काना प्रांतात, अरेत्सो जिल्ह्यात, उंब्रियाच्या सीमेलगत मोंतेर्की नावाचं छोटं गाव आहे. त्याची स्वतःची नगरपालिका आहे, पण वस्ती दोन हजारांच्या आतच. टेकडीवर जुनी घरं आणि सान सिमेओनेचं चर्च. आपली गोष्ट मात्र गावाबाहेरच्या सांता मारिया दि मोमेंताना या चर्चची, खरं तर त्याच्या एका भिंतीची आहे.

पंधराव्या शतकाच्या मध्याला पिएरो देल्ला फ्रान्चेस्काने या भिंतीवर एक भित्तिचित्र काढलं. तो जवळच्याच सानसेपोल्क्रोचा. त्याच्या आईचं माहेर मोंतेर्की, असं सांगतात. चित्रात दोन देवदूत तंबूचे पडदे बाजूला धरून उभे आहेत आणि मधोमध गर्भवती मारिया, एक हात पोटावर ठेवून. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून आसपासच्या बायका तिच्यापुढे प्रार्थनेला येत.

पुढे 1785 साली चर्चचा मोठा भाग पाडून ती जागा दफनभूमीला दिली गेली. राहिलं ते लहानसं प्रार्थनाघर आणि त्यात हे चित्र. म्हणजे जन्माची वाट पाहणारी ही आई थडग्यांच्या शेजारी येऊन राहिली! तोवर चित्रकाराचं नावही विस्मरणात गेलं होतं. 1889 मध्ये विन्चेंत्सो फुंगिनी या अभ्यासकाने हे पिएरोचं काम आहे हे ओळखलं.

इथे आपण थोडं थांबू. गावाच्या श्रद्धेचं चित्र आता देशाचा कलाठेवा झालं. विसाव्या शतकाच्या आरंभी ते जपणुकीसाठी भिंतीवरून सोडवून घेतलं गेलं. 1917 साली या भागात मोठा भूकंप झाला, त्यातूनही ते वाचलं. 1954 साली फ्लॉरेन्सच्या प्रदर्शनासाठी त्याची मागणी आली, तर गावाने चक्क नकार दिला. 1992 मध्ये डागडुजीसाठी ते बाहेर काढलं, आणि नंतर गावातल्या जुन्या शाळेच्या इमारतीत संग्रहालय करून तिथे ठेवलं.

मग प्रश्न उभा राहिला: चित्र कुणाचं? नगरपालिका, धर्मप्रांत आणि सरकारी पुरातत्त्व खातं यांच्यातला वाद कोर्टापर्यंत गेला. ओल आणि भूकंप यांपासून संग्रहालयात ते सुरक्षित आहे, हे खरंच. पण जागेपासून तोडलेलं चित्र तेच राहतं का, ही शंकाही खोटी नाही.

आम्हांला एवढंच सुचवायचं आहे. कायदा मालक शोधतो. इतिहासाने विचारावं की ही वस्तू टिकली कशामुळे? चर्च पाडलं गेलं तेव्हा पिएरोच्या कीर्तीचा तिला काही आधार नव्हता. तिच्यापुढे हात जोडणाऱ्या बायका मात्र होत्या. त्यांची नावं कुठल्याही दप्तरात सापडणार नाहीत. पण संग्रहालयात आजही गर्भवती स्त्रीला तिकीट लागत नाही. त्यांच्या हक्काची तेवढी नोंद गावाने ठेवली आहे.